विहिरीवरची लादी

आमच्या रामबागेतल्या वाड्याच्या मागच्या अंगणात एक विहीर होती. आजोबांच्याही आधीच्या कोणीतरी खणलेली. काठ दगडी, वर लाकडी रहाट, आणि काठाच्या दगडावर दोर घासून पडलेल्या खाचा. लहानपणी आम्ही मुले त्या खाचांत बोटे घालून त्या मोजत असू. उन्हाळ्यात नळाने डोळे वटारले की शेजारच्या तीन वाड्यांतल्या बायका कळशा घेऊन आमच्याकडे येत. दर तीन-चार वर्षांनी विहिरीचा गाळ काढायचा, आणि त्या दिवशी घरात पुरणपोळी व्हायची, असा काही अलिखित नियम होता.

१९७८ साली नर्मदा इंदुरात आली. जलूदहून सुमारे सत्तर किलोमीटर नळातून, विंध्याची पाचशे मीटरहून अधिक चढण पंपांच्या जोरावर चढून. त्यासाठी १९७० साली सारे शहर रस्त्यावर उतरले होते, आणि कॉलेजातला मीही त्या मोर्चात घसा कोरडा करून आलो होतो. पाणी आले. पुढच्याच वर्षी आम्ही विहिरीवर लोखंडी गर्डर टाकून लादी बसवली आणि त्या लादीवर न्हाणीघर बांधले. ठरवणारे घरातले पुरुष होते, त्यांत मी होतो. आई एवढेच म्हणाली, "एक झाकण तरी उघडं राहू द्या रे." तेवढेही आम्ही ठेवले नाही. झाकणातून डास येतात, असे कोणीतरी म्हणाले आणि विषय संपला.

ही गोष्ट मी चव्वेचाळीस वर्षे विसरलो होतो. ३० मार्च २०२३ रोजी, रामनवमीच्या दिवशी, पटेलनगरातल्या बेलेश्वर महादेव झुलेलाल मंदिरात हवन चालू असताना पायाखालची जमीन खचली. ती जमीन नव्हतीच. एका जुन्या बावडीवर टाकलेला तो स्लॅब होता. बावडी म्हणजे आपली पायऱ्यांची विहीर, महाराष्ट्रात तिला बारव म्हणतात. ३६ माणसे गेली. काही दिवसांनी तिथले अनधिकृत बांधकाम पाडले गेले आणि बावडी भराव टाकून बुजवली गेली. बातम्या पाहताना घरातले सगळे बोलत होते, चूक कोणाची यावर. मी गप्प होतो. मला आमचे न्हाणीघर दिसत होते. एकोणीस वर्षे आम्ही त्या लादीवर उभे राहून आंघोळी केल्या.

हा लेख त्या गप्प बसण्यातून आला आहे. प्रश्न साधा आहे, उत्तर तेवढे साधे नाही. मागच्या पिढ्यांनी विहिरी खणल्या, तळी बांधली, रोगाचे कारण शोधले, खत करण्याची रीत बसवली. त्या सगळ्यामुळे आपले आयुष्य त्यांच्याहून लांब आणि सोपे झाले. एवढ्यावरून जग आणखी बरे करण्याचे काही ओझे आपल्या डोक्यावर येते का? की मिळाले ते आपले, आणि हिशेब तिथेच मिटला?

माझे थोरले मामा या बाबतीत फार रोखठोक होते. सराफ्यात त्यांनी जन्मभर मुनीमकी केली. लक्ष्मीपूजनाला नव्या वहीवर स्वस्तिक काढताना ते म्हणत, "वहीत सही असेल तर देणं. सही नसेल तर ते दान. दान घेणाऱ्यावर कसलं आलंय देणं? आपण काय अहिल्याबाईंकडे अर्ज केला होता?" आम्ही हसत असू. पण त्या बोलण्यात तर्क आहे, आणि आजही तो मला सहज खोडता येत नाही. न मागता मिळालेल्या वस्तूचे कर्ज होत नाही. शिवाय ज्याला फेडायचे तो हयात नाही.

इंदुरात राहून अहिल्याबाईंचे नाव न घेता हा प्रश्न विचारताच येत नाही. २०२५ साली त्यांच्या जन्माला तीनशे वर्षे झाली. त्या वर्षी मे महिन्यात राज्याच्या मंत्रिमंडळाची बैठकसुद्धा राजवाड्यात भरली. भाषणे पुष्कळ झाली. काशी विश्वनाथ, सोमनाथ, गयेचे विष्णुपद मंदिर, नद्यांचे घाट, यात्रामार्गांवरच्या विहिरी आणि धर्मशाळा, ही यादी आता शाळकरी मुलांनाही पाठ आहे. मला त्या यादीपेक्षा दुसरी एक गोष्ट अधिक मोठी वाटते. हा खर्च त्यांनी बव्हंशी दौलतीच्या खजिन्यातून न करता खासगीतून केला, आणि पुष्कळ ठिकाणी नुसते बांधून न थांबता त्या बांधकामाच्या पुढच्या खर्चासाठी वर्षासने लावून दिली. म्हणजे बांधलेले टिकत नाही, हे त्यांना ठाऊक होते. घाट बांधणारे राजे आपल्याकडे कमी झाले नाहीत. घाटाची पायरी पन्नास वर्षांनी निखळेल तेव्हा गवंड्याला पैसे कुठून मिळतील, याचा विचार करणारे विरळा.

पण अहिल्याबाईंना आपण देवीच करून टाकले आहे, आणि देवीकडून शिकायचे काही नसते, नमस्कार करायचा असतो. म्हणून मी वाचकांना जरा अलीकडच्या, कमी पूज्य माणसाकडे नेतो.

१९१७ सालची दिवाळी. तुकोजीराव होळकर तिसरे गादीवर होते आणि शहरात प्लेगची दहशत होती. दरबाराने पॅट्रिक गेडिस नावाच्या एका स्कॉटिश गृहस्थाला शहराची पाहणी करायला बोलावले होते. गेडिस मूळचा जीवशास्त्रज्ञ, वय साठीच्या पुढे, दाढी विस्कटलेली. तो हातात नकाशा घेऊन गल्लीबोळांतून हिंडायचा. लोक त्याला पाहून दारे लावून घेत. नकाशावाला साहेब आला म्हणजे घरे पडणार, हा लोकांचा अनुभव होता, आणि तो खोटा नव्हता. आपल्या मराठी वाचकांना तर सांगायलाच नको. १८९७ साली पुण्यात प्लेगच्या नावाखाली सोल्जर घराघरांत शिरले, देवघरापर्यंत गेले, आणि त्याचा शेवट रँडच्या खुनात झाला. रोग खरा होता, घाण खरी होती, साहेबाचे शास्त्रही पुष्कळसे खरे होते. माणसांशी वागण्याची रीत मात्र लष्करी होती.

गेडिसने इंदुरात निराळे केले. आपल्याला एका दिवसापुरते महाराज करा, असे त्याने दरबाराकडे मागितले आणि दिवाळीची मिरवणूक आपल्या हाती घेतली. दवंडी अशी की यंदाची मिरवणूक नेहमीच्या मार्गाने जाणार नाही. ज्या गल्ल्या सर्वांत स्वच्छ आणि डागडुजी केलेल्या असतील, त्यांतून जाईल. मिरवणूक आपल्या दारावरून जावी असे कोणाला वाटणार नाही? घरोघरचा केरकचरा फुकट उचलून नेण्याची सोय केली गेली. वर्षानुवर्षांचा उकिरडा गाड्याच्या गाड्या भरून गावाबाहेर गेला. लोकांनी आपल्या हातांनी भिंतींना रंग दिला. मग दिवाळीला जी मिरवणूक निघाली तीत राक्षस होते, रोगांची सोंगे होती, आणि एक अवाढव्य उंदीर होता, अंगावर पिसवा घेतलेला. मागून शहराचे सफाई कामगार आले. स्वच्छ पांढरे कपडे, नवी पागोटी, रंगवलेल्या गाड्या, सजवलेले बैल. त्यांच्यामागून लक्ष्मी. शेवटी राक्षस आणि उंदीर जाळून टाकले आणि वर आतषबाजी झाली. लोकांना वाटण्यासाठी तुळशीची रोपेही होती, असे गेडिस पुढे सांगत असे. प्लेग ओसरला. त्यात हंगाम उलटल्याचा वाटा होता, हे त्याने स्वतःच कबूल केले आहे.

त्या कागदी उंदरावर मी थोडा रेंगाळतो, कारण आपल्या प्रश्नाचे मर्म तिथे आहे. प्लेगचा जंतू येर्सिनने १८९४ साली हाँगकाँगला शोधला. तो उंदरावरच्या पिसवांतून माणसात येतो, हे पॉल-लुई सिमाँ याने १८९८ साली कराचीत दाखवले, आणि त्याचे म्हणणे पटायला वर्षे लागली. सिमाँने इंदूर पाहिले असेल-नसेल, मल्हारगंजातल्या एखाद्या पोराचा जीव वाचावा म्हणून तर तो कराचीत उंदीर चिरत बसला नव्हता. तरी एकोणीस वर्षांनी इंदूरच्या कारागिरांनी बांबू-कागदाच्या उंदरावर पिसवा चिकटवल्या त्या त्याच्या जोरावर. म्हणजे मामांच्या हिशेबाने हेही दानच, सही नसलेले. पण गेडिसने ते घेऊन खिशात घातले नाही. त्याने त्या ज्ञानात असे काहीतरी भर घातले की जे सिमाँकडे नव्हते आणि रँडकडे तर नव्हतेच. ते म्हणजे लोकांची दिवाळी.

आता दुसरी बाजू. पांढरे कपडे घालून मिरवणुकीत चाललेल्या त्या सफाई कामगारांच्या पुढाऱ्याला गेडिसने झेंडूचे फूल दिले, शहराने त्यांचे कौतुक केले. पाडव्यानंतर त्यांच्या डोक्यावर पुन्हा पाटी आली. डोक्यावरून मैला वाहून नेण्याला बंदी घालणारा कायदा या देशात १९९३ साली झाला, आणि तो पुरेना म्हणून २०१३ साली दुसरा करावा लागला. तेव्हा पूर्वजांच्या प्रगतीचे गोडवे गाताना ती प्रगती कोणाच्या डोक्यावरून चालत आली हेही पाहावे लागते. आमच्या वाड्यातल्या विहिरीवर शेजारच्या वाड्यांतल्या बायका येत असे मी वर लिहिले. सगळ्या बायका येत नसत. कोण येत नसे हे मला ठाऊक आहे आणि वाचकांनाही ठाऊक आहे. ज्यांना त्या विहिरीचे पाणी कधी मिळालेच नाही, त्यांना 'पूर्वजांचे ऋण माना' असे मी कोणत्या तोंडाने सांगणार? ऋणाच्या भाषेची ही पहिली अडचण. ती सगळ्यांना सारखी लागू पडत नाही.

गेडिसचा अहवाल १९१८ साली दोन खंडांत निघाला. जुनी वस्ती पाडून रुंद रस्ते काढण्याऐवजी जिथे अगदीच गरज असेल तिथले एखाद-दुसरे घर काढा, मोकळ्या जागेत झाड लावा, असे त्याचे धोरण होते. सर्व मैला पाण्याबरोबर गटारातून वाहून नेण्याच्या महागड्या योजनेबद्दल त्याला शंका होती. मैला आणि कचरा ही जमिनीची मालमत्ता आहे, ती नदीत ओतू नका, असा त्याचा रोख होता. जुन्या विहिरींबद्दल हिंदुस्थानातल्या आपल्या अहवालांत त्याने जे मांडले त्याचा आशय असा की नळाची कोणतीही व्यवस्था कधी ना कधी बिघडते, तेव्हा विहीर म्हणजे गावाने पूर्वीच उतरवून ठेवलेला आयुष्याचा विमा आहे. आमच्या घरी हे वाक्य कोणी वाचले असते तर लादी बसली नसती, असे मी म्हणणार नाही. आम्ही वाचूनही बसवली असती.

योगायोग पाहा, कचऱ्याच्या मालमत्तेची ती गोष्ट इंदुरातच पुढे गेली. १९२४ साली इथे वनस्पतिसंशोधनाची संस्था निघाली, होळकर दरबाराने तीनशे एकर जमीन दिली. संचालक अल्बर्ट हॉवर्ड. शेतातला पाचोळा, शेण, गोमूत्राने भिजलेली गोठ्यातली माती आणि राख यांचे थर द्यायचे, ओलावा राखायचा, ठरलेल्या दिवशी खालीवर करायचे, आणि साधारण तीन महिन्यांत काळेभोर खत. ही 'इंदूर पद्धत' म्हणून जगभर गेली. इंग्लंड-अमेरिकेतल्या सेंद्रिय शेतीच्या चळवळीचे एक मूळ इथे आहे. महात्मा गांधींनी 'हरिजन'मधून तिचा प्रचार केला. १९३१ सालच्या मूळ ग्रंथावर हॉवर्डबरोबर दुसरे नाव आहे ते यशवंत वाड यांचे, आणि त्या नावाकडे आपण मराठी माणसांनीही फारसे लक्ष दिलेले नाही. हॉवर्ड मात्र स्वतःला या पद्धतीचा जनक म्हणवून घेत नसे. चीनच्या आणि हिंदुस्थानच्या शेतकऱ्यांना त्याने गुरू मानले होते. हजारो वर्षांचे अनाम शेतकरी, त्यांचे शहाणपण, त्यात वाडांसारख्यांनी प्रयोगशाळेत घातलेली मापे. यात सही कोणाची शोधायची?

इथे आपल्या जुन्या ग्रंथांतली एक कल्पना कामाला येते. देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण, अशी तीन ऋणे घेऊन माणूस जन्माला येतो, असे ते सांगतात. लहानपणी मुंजीत ऐकले तेव्हा कळले नव्हते. पण फेडण्याची रीत नीट पाहिली तर ती मामांच्या वहीसारखी नाही. ऋषींचे ऋण ऋषींना परत करायचे नसते, ते शिकून आणि शिकवून फिटते. पितरांचे ऋण पुढच्या पिढीकडे फेडायचे. म्हणजे देणारा मागे आहे आणि घेणारा पुढे. सावकार मेला म्हणून कर्ज बुडत नाही, कारण वसुलीला येणारा निराळाच आहे, आणि तो अजून रांगतो आहे. मामांचा दुसरा मुद्दा एवढ्याने सुटतो. पहिला सुटत नाही. मी मागितले नव्हते, हे म्हणणे खरेच आहे.

पण त्याही पुढे जाऊन मला असे दिसते की आपण चर्चा नेहमी वारशातल्या चांगल्या वस्तूंचीच करतो. वारशात अर्धवट सोडलेली कामेही येतात. नर्मदेचे पाणी आले, हा आमच्या पिढीने मिळवलेला विजय. पण आलेले पाणी कुठे तरी जाणारच. घरोघर नळ आले तसे सांडपाणी वाढले आणि खान नदी, जिच्या काठी कृष्णपुऱ्याच्या छत्र्या उभ्या आहेत, तिचा नाला झाला. बिलावली, सिरपूर, पिपल्यापाला ही तळी शहराला नकोशी झाली. प्रत्येक सुधारणा आपल्यामागे एक नवे काम ठेवून जाते. पूर्वजांनी जेवढे केले तेवढेच जपून ठेवू म्हटले तरी ते जमत नाही. त्यांचे शहर काही दहा हजारांचे होते, २०११ च्या शिरगणतीत ते साडेएकोणीस लाखांवर गेले होते. जागच्या जागी राहायलाही पुढे चालावे लागते. म्हणून 'जपणे' आणि 'सुधारणे' यांत जो फरक मामा करत, तो मला आता फारसा खरा वाटत नाही. मला बांधून ठेवते ती कृतज्ञता नव्हे. बांधून ठेवतात ती उरलेली कामे, आणि त्यांतली काही माझ्या सहीची आहेत.

इंदुराने या बाबतीत काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. २०१७ पासून स्वच्छ सर्वेक्षणात या शहराने पहिला नंबर सोडला नाही, आणि ते नुसते कागदावर नाही. ओला-सुका कचरा वेगळा करणे इथे लहान मुलांच्या अंगवळणी पडले आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये रोज ५५० टन ओल्या कचऱ्यापासून गॅस आणि खत करणारा कारखाना सुरू झाला. गेडिस आणि वाड दोघेही तिथे तासन् तास उभे राहिले असते. सिरपूर आणि यशवंतसागर यांना २०२२ मध्ये रामसर यादीत जागा मिळाली. परगावचे पाहुणे आले की आम्ही त्यांना सराफ्यात खाऊ घालतो आणि रस्ता दाखवतो, बघा, कागदाचा कपटा नाही.

आणि २०२५ च्या डिसेंबरअखेर भागीरथपुऱ्यात नळाच्या पाण्यात मैलापाणी मिसळले. शेकडो लोक आजारी पडले, माणसे दगावली, किती यावर वाद झाले. देशातल्या सर्वांत स्वच्छ शहरात, प्लेगच्या उंदराला जाळल्यानंतर एकशे आठ वर्षांनी. रस्ता दिसतो, जमिनीखालचा नळ दिसत नाही. लादी दिसते, खालची विहीर दिसत नाही. आम्ही इंदूरकर दिसणाऱ्या गोष्टी फार चांगल्या करतो.

वाचकहो, तुमच्यापैकी पुष्कळजण आमच्यासारखेच दोन भाषांत राहणारे आहात. घरात एक, बाजारात दुसरी. जुने पाणवठे अशा गावांत दोन्ही भाषांत हरवतात, हा माझा अनुभव. बावडी म्हणणाऱ्याला बारव ठाऊक नसते, आणि नाव गेले की जागा जायला वेळ लागत नाही.

आमचा वाडा १९९८ साली विकला. तिथे आता चार मजली इमारत आहे. २०२३ च्या त्या रामनवमीनंतर मी आठवणीने एक नकाशा काढला. उत्तरेची भिंत तशीच आहे, तिच्यापासून मोजून सोळा हात. धाकट्या भावाला दाखवला, तो म्हणाला सतरा. मग दोघे मिळून तिथे गेलो. सोसायटीचे सेक्रेटरी तरुण आहेत, अदबीने बोलले, चहा पाजला. आम्ही दाखवलेल्या जागी दोन मोटारी उभ्या होत्या. विहीर बुजवली होती की नुसती झाकली होती, असे त्यांनी विचारले. बिल्डरने काय केले ते आम्हाला माहीत नाही, आम्ही केले ते सांगितले. गर्डर कोणत्या साली टाकले तेही लिहून दिले. "उस में पानी होगा क्या, अंकल?" त्यांनी विचारले. भाऊ माझ्याकडे पाहू लागला. उन्हाळ्यातसुद्धा कधी आटली नव्हती, एवढेच मी सांगू शकलो. त्यांनी कागद फाइलीत लावला आणि मोटारी हलवायला वॉचमनला हाक मारली.